पेरभर पाणी

घागरमामा हौदात बोट बुडवायचे आणि जनावराची तब्येत सांगायचे. बीडच्या त्या छोट्या प्राणिबागेत सात-आठ पिंजरे होते. त्यांतल्या हौदांत पाणी भरायचं काम मामांचं. रात्रभरात कोण किती प्यालं, हे ते सकाळी बोटाच्या पेरांवर मोजत. मी तिथला नवा जनावरांचा डॉक्टर. मला त्या बोटाचं हसू यायचं.

मामांचा जीव सोनीवर. सोनी ही बिबट्याची मादी, नरासोबत एकाच पिंजऱ्यात ठेवलेली. पण मामा तिच्याशी माहेरी आलेल्या लेकीसारखं बोलत. गावात घरोघरी केबल टीव्ही येत होता, पण तिला पिल्लं झाली तर ठेवायला नव्या पिंजऱ्याची मंजुरी काही येत नव्हती. मग वरून हुकूम आला, पिल्लं होऊ नयेत म्हणून मादीला हार्मोनचं इंजेक्शन द्या.

"कावून टोचता तिला?" मामा म्हणाले. "मधी जाळी ठोका, नराला येगळा करा."

"मामा, असलं इंजेक्शन बायकांनाही देतात," मी ऐटीत सांगितलं. पुढं कित्येक वर्षं टोचत राहिलो.

एका एप्रिलात मामा घाईघाईनं माझ्या खोलीत आले. "साहेब, सोनी पाणी लई पितीय. रोज पेरभर तरी उरायचं. चार दिस झाले, हौद कोरडा."

"बीडचा उन्हाळा आहे, मामा. मीही तांब्यावर तांब्या रिचवतोय."

"नर बी त्याच उन्हात हाय की. त्याचं पाणी न्हाई वाढलं."

ते ऐकूनही मी उठलो नाही. अजून लाज वाटते.

आठवडाभरात सोनी गेली. पोट उघडलं, तर गर्भाशय पुवानं तट्ट फुगलेलं. त्या औषधानं आतलं अस्तर सुजतं, पू धरतो, तहान वाढते. हे मी शिकलो होतो. मामा तिचा पंजा धरून उभे होते. तिलाच म्हणाले, "तू सांगितलं व्हतंस, बाई. म्या बी सांगितलं व्हतं."

त्यानंतर मामा पाणी ओतायचे आणि निघून जायचे. हौदात बोट घालणं त्यांनी बंद केलं. एकदा न राहवून मी विचारलं, "मामा, आज किती पेरं?"

"तुमी डॉक्टर हाव, साहेब. तुमीच बघा."

मामा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी अजून प्रत्येक हौदात बोट बुडवतो. मला त्यातलं काही कळत नाही.