गुलालाखालचं कपाळ

काल आमच्या तालमीचा फुटबॉल संघ जिंकला आणि पोरांनी सागरला खांद्यावर घेतलं. सागरची आई शालन आमच्या पेठेतली, वडील इथं शिकायला आलेले नायजेरियन. गोव्यात, कोलकात्यात बारा वर्षं पगारी फुटबॉल खेळून तो यंदा घरच्या संघात परतलाय. माझ्या शेजारचे आप्पा मूठभर गुलाल घेऊन धावले आणि त्याच्या तोंडाला फासत ओरडले, "शेवटी आपलं रक्त हाय!"

माझं डोकंच फिरलं. गेल्या रविवारी सागरची पेनल्टी हुकली, तेव्हा याच आप्पांनी "घालवा त्या काळ्याला त्याच्या देशात" म्हणून घसा फोडला होता. स्टेडियमात आमच्या दोन पायऱ्या खाली शालन बसली होती. तिनं मागं वळून बघितलं नाही. मीही तोंड उघडलं नाही, आणि त्याची चीड अजून जात नाही.

पेठेत नवं पोर दिसलं की पहिला प्रश्न असतो, "कुणाचा रं तू?" बापाचं नाव सांगितलं की विषय संपतो. सागर आईचं नाव सांगायचा, तरी लोक पुन्हा विचारायचे. हाच प्रश्न गोल झाल्यावर मात्र कुणालाच कसा पडत नाही?

खांद्यावरून उतरून सागर आईकडं आला. ती पदरानं त्याचं कपाळ खसाखसा पुसू लागली.

"असू दे की शालन," आप्पा हसत म्हणाले, "जिंकल्याचा गुलाल हाय."

"त्याची कातडी दिसू दे, आप्पा. गेल्या रविवारी बरी दिसली तुम्हाला!"