'आडवी सोंगटी'च्या पहारेकरी मावशी

पहारेकरी मावशींइतकं घाबरणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. त्यांना लिफ्टची भीती वाटायची, कुत्र्यांची वाटायची, आणि अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनची तर इतकी की तो वाजायचा थांबला की त्या घोटभर पाणी प्यायच्या. कोपरीतल्या आपल्या दोन खोल्यांमधून बाहेर पडल्या की कोपऱ्यापर्यंत जाऊन कुलूप ओढून बघायला एकदा परत यायच्या. आणि या बाई इंटरनेटवर 'पहारेकरी' या नावाने वावरायच्या! आम्हा सदस्यांची कितीतरी दिवस समजूत होती की पलीकडे कुणीतरी भरघोस मिशांचे निवृत्त फौजदार बसलेले आहेत.

मावशींनी सगळी नोकरी कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका क्लासमध्ये वेबसाइट बनवायला शिकून घेतलं आणि 'आडवी सोंगटी' सुरू केली. वाघबकरी, सारीपाट असले जुने पटावरचे खेळ आणि लोकांनी स्वतः रचलेले नवे खेळ, असं त्या साइटवर सगळं असायचं. नियम, पटांचे फोटो आणि त्या नियमांवरून होणारी भांडणं. तीनेकशे सदस्य असतील, महाराष्ट्रभर विखुरलेले. पिवळ्या रंगावर जांभळी अक्षरं होती. डोळे दुखायचे, पण आम्ही तिथून हलायचो नाही.

साइटवर कुणी काहीही लिहिलं तरी मावशींनी वाचल्याशिवाय ते दिसायचं नाही. एकाने दुसऱ्याला खाजगी निरोप पाठवायची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. "दोघांनीच कुजबुजायचं असेल तर ते माझ्या ओसरीवर नको," असं त्यांनी नियमावलीत लिहिलं होतं. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, "मला वाईट विचार आधी सुचतात गं. चांगले नंतर, वेळ उरला तर."

मी तिथे शिरले ती खोटं बोलून. आम्ही मानपाड्याला राहायचो. बाबा कारखान्यात, आई पाळणाघर चालवायची, आणि शाळेत माझं कुणाशीच पटत नव्हतं. मी तेरा वर्षांची होते. फॉर्ममध्ये वय एकोणीस टाकलं. महिनाभर सगळं सुरळीत चाललं. मग एकदा मी लिहून गेले की उद्या भूगोलाची चाचणी आहे, डाव परवा पुढे चालवू. तासाभरात पहारेकऱ्यांचा ईमेल आला. 'एकोणीस वर्षांच्या मुलीला भूगोलाची चाचणी कोणत्या कॉलेजात असते? आईचा नंबर पाठव.'

दोन दिवस मी कॉम्प्युटरला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी नंबर पाठवला आणि संध्याकाळी आईचा फोन वाजल्यावर मोरीत जाऊन बसले. बाहेरून आईचा आवाज येत होता. आधी कडक, मग हळू, मग चक्क हसण्याचा. तासभर त्या दोघी बोलल्या. आई मोरीचं दार वाजवून म्हणाली, "बाहेर ये. त्या बाई तुझ्यापेक्षा जास्त घाबरल्यात." ठरलं असं की मी खेळायचं, पण माझ्या खात्याबरोबर आईचंही खातं असेल आणि मी लिहिलेलं सगळं तिला दिसेल. वय खरं आहे की नाही हे तपासायची मावशींची पद्धत ही एवढीच होती. फोन करायचा, आणि खात्री पटेपर्यंत बोलत राहायचं.

दर जानेवारीत साइटवरच्या मंडळींचं दोन दिवसांचं शिबिर भरायचं. शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या बाजूला मावशींच्या एका जुन्या सहकाऱ्याची आंब्याची वाडी होती. तिथे तंबू लागायचे, ताडपत्र्यांवर पट मांडले जायचे, साताऱ्याहून, लातूरहून माणसं यायची आणि ज्यांच्याशी वर्षभर भांडली त्यांच्याच शेजारी बसून पोहे खायची. मी पहिल्यांदा आईबरोबर गेले तेव्हा फाटकाशी स्वेटर घातलेली, जेमतेम माझ्या खांद्याला लागणारी एक बाई गळ्यात शिट्टी अडकवून उभी होती. "मी पहारेकरी," ती म्हणाली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

नदीच्या बाजूला मावशींनी दोरी बांधून घेतलेली असायची. दर तासाला शिट्टी वाजली की डाव कितीही रंगात आला असला तरी सगळ्यांनी उठून उभं राहायचं, मुलांची मोजणी व्हायची. एकदा एक मूल कमी भरलं. ते तंबूत पांघरूण घेऊन झोपलेलं सापडलं, पण तोवर मावशींचा चेहरा इतका पांढरा पडला होता की त्या मुलापेक्षा त्यांनाच आधी पाणी द्यावं लागलं.

मी कॉलेजात होते त्या वर्षीची एक गोष्ट अजून माझ्या अंगावर येते. साइटवर सायली नावाची एक सदस्य होती. अकरावीत आहे म्हणायची, लहान मुलींच्या डावांचं फार कौतुक करायची. तिची आई कधी फोनवर भेटत नव्हती, म्हणून मावशींनी तिला कच्च्या, म्हणजे खात्री न पटलेल्या, सदस्यांत ठेवलं होतं. शिबिराच्या पहिल्या दुपारी फाटकाशी पस्तीस-चाळीस वर्षांचा एक माणूस आला. नीटनेटका, हातात मिठाईचा बॉक्स. "मी सायलीचा मामा. ती मागून रिक्षाने येतेय. मी आत बसतो ना, पोरी काय खेळतात ते बघतो."

मी मावशींच्या शेजारीच उभी होते.

"सायलीला फोन लावा," त्या म्हणाल्या.

"इथे रेंज नाही हो."

"माझ्या फोनला आहे. नंबर सांगा."

"पाठ नाहीये. अहो, मी काय चोर आहे का?"

"मला भीती वाटते म्हणून विचारते," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला होता. "ती येईपर्यंत आपण दोघं इथेच थांबू. मला घाई नाही."

तो हसला, पण त्याची नजर मावशींच्या डोक्यावरून मुली बसल्या होत्या त्या ताडपत्रीकडे गेली. मावशी एक पाऊल सरकून मधे आल्या. पंधरा मिनिटं, कदाचित वीस, ते दोघं तसेच समोरासमोर उभे होते. रिक्षा आली नाही. मग तो काहीतरी पुटपुटत वळला आणि रस्त्याला लागला. तो दिसेनासा झाला तशा मावशी मातीतच खाली बसल्या.

सायली त्यानंतर साइटवर कधीच आली नाही. मावशींनी तिचं सगळं लिखाण छापून काढून पोलिसांकडे नेऊन दिलं; त्यांनी नोंद करून घेतली. तो माणूस कोण होता, सायली नावाची मुलगी मुळात होती का, हे आम्हाला कधी समजलं नाही. मावशी एवढंच म्हणाल्या, "खरोखरचा मामा असेल तर त्याची मी माफी मागेन. पण मागायची वेळ येणार नाही, असं वाटतं."

मग इंटरनेटवरच्या लोकांच्या खाजगी माहितीबद्दलचा नवा कायदा आला. टप्प्याटप्प्याने लागू होणार, असं बातम्यांत होतं, पण मावशींनी नियमांची प्रत छापून आणली आणि पेन्सिल घेऊन बसल्या. अठरा वर्षांखालचा सदस्य असेल तर आईवडिलांची संमती हवी. ती देणारं माणूस खरंच मोठं आहे याचा पुरावा हवा. चुकलं तर दंड कोटींच्या घरात. एव्हाना मी नोकरीला लागले होते, सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. म्हणून त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मी फोन करते, ते चालेल का गं?"

"नाही चालणार, मावशी. ओळखपत्राचा पुरावा लागेल असं दिसतंय."

"म्हणजे सगळ्यांची आधार कार्डं माझ्याकडे?" त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "या कॉम्प्युटरमध्ये? आणि कुणी चोरली तर?"

एका कंपनीने त्यांना कळवलं होतं की हे काम आम्ही करू, सदस्यांनी फक्त कार्ड आणि चेहऱ्याचा फोटो द्यायचा. ते ऐकून मावशींचं जेवण तुटलं. "पोरांच्या आयांचे चेहरे मी कुणाच्या हवाली करू? मी त्यांना ओळखते तरी का?" ठाण्यातल्या एका वकिलांकडे मीच त्यांना घेऊन गेले. वकील चांगले होते, चहा मागवला. म्हणाले, "बाई, तुमची साइट एवढी लहान आहे की कुणाचं लक्षही जाणार नाही. बिनधास्त राहा." बाहेर पडल्यावर मावशी जिन्यात थांबल्या. "कुणाचं लक्ष जाणार नाही म्हणून करायचं? हे तर तो मिठाईवालाही म्हणाला असता."

मी सुचवलं की फक्त अठरावरच्यांनाच घेऊ, 'वय अठरा पूर्ण' अशी खूण करायची एक चौकट ठेवू. "तेराव्या वर्षी एकोणीस लिहिणारी तूच ना?" त्यांनी विचारलं. वर त्या म्हणाल्या, "कायदा वाईट नाहीये. सायलीसारख्यांना अडवायला कुणीतरी हवंच. पण तो शिवताना माझ्यासारख्यांचं माप कुणी घेतलं नाही, एवढंच."

त्याच आठवड्यात त्यांना एक इंग्रजी ईमेल आला. वर लाल अक्षरात 'शेवटची सूचना'. खाली अटक, दंड, अठ्ठेचाळीस तास. मावशींनी मला फोन केला, पण बोलता येईना, फक्त श्वास ऐकू येत होता. मी डोंबिवलीहून रिक्षा करून पोचले तेव्हा त्या दारातच बसल्या होत्या, हात छातीवर. शेजाऱ्यांच्या मदतीने दवाखान्यात नेलं. झटका सौम्य होता. आयसीयूबाहेर बसून मी तो ईमेल त्यांच्या फोनवर वाचला. खाली बारीक अक्षरात लिंक होती. पडताळणीचं काहीतरी विकणारी फसवी जाहिरात होती ती. मला प्रचंड राग आला.

घरी आल्यावर त्यांनी ठरवून टाकलं. साइट बंद. मी म्हणाले, मी चालवते, माझ्या नावावर करा. "नको," त्या म्हणाल्या. "ही भीती तुझ्या डोक्यावर ठेवून मला झोप नाही लागायची." आम्ही दोघींनी मिळून एकेका सदस्याला कळवायला घेतलं. कळवून झालं की त्या ते नाव मोठ्याने वाचून त्याची सगळी माहिती पुसायच्या.

एका नावाशी त्या अडल्या. अक्षता. बारा वर्षांची, वाशिमकडच्या एका खेड्यातली. हाडांच्या आजाराने दोन वर्षं अंथरुणावर होती. शिबिराला ती कधी येऊ शकली नव्हती. रोज सकाळी वाघबकरीची एक चाल लिहायची, आणि तिच्या समोर वाघ घेऊन खेळायच्या त्या मावशीच. आमच्यापैकी बाकीच्यांना दुसरे मित्र होते, दुसऱ्या जागा होत्या.

"तिला मी काय कळवू?" मावशींनी विचारलं.

दुखण्यानंतर मावशींनी एकटं राहू नये असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वर्ध्याचे त्यांचे भाऊ न्यायला येणार होते. मावशींनी त्यांना येऊ दिलं नाही. मी कल्याण स्टेशनवर त्यांना सोडायला गेले तेव्हा तिकीट बघितलं. ते अकोल्यापर्यंतचंच होतं.

"पुढे बसने जाईन," त्या म्हणाल्या. "अक्षताकडे. दोन दिवस राहीन, मग वर्धा."

"एकट्या? मावशी, तुम्ही कर्जतच्या पुढे कधी एकट्या गेला नाहीत. भावांना माहिती आहे का?"

"नाही. तूही सांगू नकोस."

"भीती नाही वाटत?"

"वाटते ना. सकाळपासून दोनदा उलटी झाली." गाडी लागली. त्यांनी माझं मनगट धरलं, बर्फासारखे गार हात. पिशवीतून लाकडी वाघबकरीचा पट डोकावत होता. मग मनगट सोडलं, दांडी धरली आणि एकेक पाय उचलून त्या वर चढल्या. खिडकीतून त्यांनी हात केला नाही. दोन्ही हातांनी समोरचा गज धरून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन बंद होता. तिसऱ्या दिवशीही. मला कामात काही दिसेना. बस उलटलेली दिसायची, स्टँडवर पडलेली बाई दिसायची, तो मिठाईवाला दिसायचा. भावांना फोन करावा म्हणून मी नंबर काढला, एवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. उचलायला मला धीर होईना. शेवटी उचलला.

"ताई, मी अक्षता," एक बारीक आवाज म्हणाला. "मावशींचा फोन पाण्यात पडला. त्या बऱ्या आहेत. अंघोळीला गेल्यात. आम्ही काल चार डाव खेळलो, तीन मी जिंकले." मग ती म्हणाली, "मावशी म्हणाल्या, आधी आईला विचार आणि मगच ताईला फोन कर. मी विचारलं. आई इथेच बसलीय. देऊ?"

मी हो म्हणाले की नाही ते मला आठवत नाही. पलीकडे बांगड्या वाजल्या, आणि एक बाई सावकाश, जपून म्हणाली, "हां, मी हिची आई. विचारा काय विचारायचं ते."