पडवीतली बाई

घरच्या घरी शाळा काढण्याचा गाढवपणा मी एकदा केला आहे, आणि ओल्या काजूच्या चिकाचा वास आला की तो हमखास आठवतो. साथीत शाळा बंद पडल्या तेव्हा नात दुसरीत होती. मी जुनी सातवी पास, त्यामुळे मला वाटलं, आता देशाची भिस्त माझ्यावरच. पडवी सारवून पाट मांडला, ठेवणीतली साडी नेसले आणि ताटावर पळी आपटून घंटा केली. ‘आजी नाय, बाई म्हणायचा,’ असं नातीला पहिल्याच दिवशी बजावलं. बाहेर काजू पिवळेलाल लगडलेले, कोकिळा ओरडून घसा फोडत होती, आणि आम्ही दोघी पाढ्यांत. मधली सुट्टी द्यायची असते हे बाईंना सुचलंच नाही, एवढ्या त्या हुशार! पोर दिवसेंदिवस गप्प होत गेली. मी त्याला शिस्त समजले. एका सकाळी तिचं अक्षर फारच वाकडं आलं म्हणून पाटी ओढली, तर तिची बोटं दिसली. आदल्या संध्याकाळी आईबरोबर काजूगर सोलताना चीक लागून सालटी निघाली होती. ‘अगो चेडवा, माका सांगलंस कित्याक नाय?’ मी खोबरेल शोधायला उठले. आज ती माझ्याहून उंच आहे आणि माझ्याच चुका काढते, पण तेव्हा खाली मान घालून हळूच म्हणाली, ‘बाई, शाळा सुटली काय? माका बाई नको, आजी होयी.’