मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी

दिगू गेल्याचा फोन धारहून त्याच्या मुलीने केला, तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होतो. जुनी खोड. देवासच्या कॉलेजात आम्ही दोघांनी जन्मभर समाजशास्त्र शिकवलं. तो व्यवस्थेच्या बाजूचा, मी क्रांतीच्या. समाज म्हणजे शरीर, प्रत्येक अवयवाने आपापलं काम केलं की ते चालतं, असं तो सांगायचा. पुढच्या तासाला मी जाऊन सांगायचो, राबतो एक आणि पोट भरतं दुसऱ्याचं, हे फार दिवस चालत नसतं. पोरं वैतागायची. "सर, सही कौन है?" दिगू म्हणे, "पेपर में दोनों लिखना, बेटा."

रिटायर झाल्यावर तो शांती समितीत गेला. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी सगळा रस्ता पायी हिंडायचा, दोन्ही मोहल्ल्यांत राम राम, सलाम करत. कुठे घराचं काम चालू असलं, की रस्त्यावरच्या विटा, गिट्टी मालकाला आत घ्यायला लावायचा. मी बरोबर असे, मुख्यतः त्याला खिजवायला.

"विटा उचलून समाज टिकतो होय रे?"

"टिकतो कशानं, ते कुणाला ठाऊक, भिया? फुटतो कशानं, तेवढं मला ठाऊक आहे."

शेवटचा भेटलो, तेव्हा तो धारला मुलीकडे राहायला गेला होता, पार खंगलेला. म्हणाला, "इकडे येण्याआधी समितीच्या बैठकीला गेलो, तर सगळी नवी पोरं. एक चेहरा ओळखीचा नाही. मी बोललो तर हसली… तुझी क्रांती अशी येते का रे?" मी नाही म्हणालो. क्रांतीला निदान काहीतरी उभं करायचं असतं. मला भीती वाटली, आणि तिचं नाव आम्हा दोघांच्याही पुस्तकांत नव्हतं.

उद्या मिरवणूक आहे. समितीतलं कुणी रस्ता बघायला निघेना, म्हणून आज मी एकटाच निघालो. जन्मभर व्यवस्था मोडायच्या गोष्टी केल्या. आज एवढंच वाटत होतं, की उद्याचा दिवस धड पार पडू दे. मी राम राम केला, सलाम केला. काहींनी उत्तर दिलं, काहींनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. दिगू हवा होता… फार हवा होता. वळणावर विटांचा ढीग दिसला, सगळ्या फोडलेल्या, हातात मावतील एवढ्या. मालकाला सांगावं म्हणून शेजारच्या पानवाल्याला विचारलं, "किसका मकान बन रहा है, भिया?"

तो पानाला चुना लावत राहिला. मग हळूच म्हणाला, "घर जाव, सर. यहाँ किसी का मकान नी बन रिया."