कोंडलेले मोड

हवेवर इतका राग असलेला माणूस माझ्या साडूभाऊंखेरीज जगात दुसरा नसेल. लोहारा गावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. हे मोडांना लागले. मूग, गहू, ज्वारी, हाती येईल ते भिजवायचं आणि डब्यात कोंबून झाकण गच्च लावायचं. "बीचा श्वास कोंडला का ते घाबरते," ते मला समजावत, "अन् घाबरलं का चांगलं-चांगलं आतमंदी जमा करते. मोकळ्या हवेतले मोड म्हणजे निस्ता फुगारा!" अशा मोडांत रक्तदाब उतरवणारं काहीतरी वाढतं, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं, आणि त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या ताईंचं, हृदय नाजूक. डबा उघडला की शेजारी खिडक्या लावून घेत. एका पाहुण्याने तर श्वास रोखून उसळीची तारीफ केली. ताई मात्र रोज सकाळी वाटीभर मोड मुकाट्याने खात.

यंदा नवरात्रात त्यांनी कहर केला. ताईंनी घट बसवून मातीत गहू पेरले, तर ह्यांनी वर प्लास्टिक ताणून बांधलं. "देवीलेही पौष्टिकच द्या न!" ताईंनी त्या विद्वत्तेपुढे हात टेकले. चौथ्या दिवशी माती आंबली होती आणि एकही अंकुर वर आला नव्हता. दसऱ्यानंतर नागपूरला ताईंचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. माळ बांधता बांधता त्या एवढंच म्हणाल्या, "देवीच्या मनात नाही वाटते यंदा."

शकुन-अपशकुनाची आयुष्यभर टिंगल करणाऱ्या ह्या माणसाने त्याच क्षणी प्लास्टिक फाडलं, माती बदलली, नवे गहू पेरले. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तर घटासमोर मांडी घालून हातपंख्याने वारा घालत बसलेले.

"काहून जी?"

"हवा देऊन राह्यलो," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले.

दसऱ्याला बोटभर पिवळसर अंकुर आले. चार खुडून ताईंनी रिवाजाप्रमाणे नवऱ्याच्या टोपीत खोचले. "पौष्टिक नसतीन हे," त्या हसून म्हणाल्या. साडूभाऊंनी चक्क वाद घातला नाही. मला त्या दिवशी त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

नागपूरला निघायच्या सकाळी ताई गाडीत बसल्यावर साडूभाऊंनी मला बाजूला घेतलं. "साडूभाऊ, सारं नीट होईन न?"

इतकी वर्षं हा माणूस मी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत आला होता. आता तो मला विचारत होता, आणि मला हृदयातलं काय कळतं!

"होईन न जी," मी म्हणालो. त्यांनी माझा शब्द मानला आणि गाडीत ताईंशेजारी जाऊन बसले.