माझ्या गालातल्या पेशी

आठवीला पेशीचा धडा आला की प्रयोगासाठी गाल माझाच. टूथपिक गालाच्या आतून फिरवायची, निघेल ते काचपट्टीवर पसरायचं, वर निळ्या रंगाचा थेंब, आणि मग सूक्ष्मदर्शक. पोरं लाजतात, म्हणून पांढरकवड्याजवळच्या आमच्या शाळेत दरवर्षी मीच तोंड उघडत आलो.

त्या वर्षी टूथपिक पहिल्या बाकावरच्या मुलीकडे दिली. भारी चौकस पोर.

"सर, अजून उघडा ना."

"उघडलं तर आहे!"

"कुठं? दोन बोटंही नाही जाऊन राह्यली."

वर्ग खो खो हसला. तंबाखूविरोधी शपथ देताना मीच सांगायचो की तीन बोटं उभी तोंडात मावली नाहीत तर डॉक्टरकडे जा. आणि मधल्या सुट्टीत शाळेमागं उभा राहून खर्रा चघळायचो. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या पन्नीत घोटलेला. वीस वर्षं झाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! भाजी झोंबते म्हणून बायकोवर रोज खेकसत होतो, तेही याच खर्ऱ्यापायी.

मुलीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "सर, पुस्तकात केंद्रक ठिपक्याएवढं हाय. तुमचं एवढं मोठं काहून?"

"रंग जास्त पडला. बस खाली," मी डाफरलो.

वर्ग सुटल्यावर मी पुन्हा पाहिलं. शाळेतल्या यंत्रावर रोग कळत नाही, हे मला ठाऊक होतं. पण रोगट पेशीचं केंद्रक फुगतं, हेही कुठंतरी वाचलं होतं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

यवतमाळच्या डॉक्टरांनी गालाचा मसुरीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आठ दिवसांनी. दहावीला पेशीविभाजन शिकवत होतो. एकाच्या दोन, दोनाच्या चार लिहिता लिहिता खडू थांबला आणि पुढचं काही सुचेना. पोरांना वाटलं, सर विसरले.

कॅन्सर नव्हता. "गाल आतून कडक झालाय, खर्रा आजच सोडा," डॉक्टर म्हणाले. मी तिथल्या बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात सगळं सांगून टाकलं. खर्रा, शाळेमागची जागा, भीती. लाज वाटली, पण सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीच्या आधी ती मुलगी आली. वहीच्या कागदात गुंडाळलेली काचपट्टी तिनं माझ्या टेबलावर ठेवली. पट्टी शाळेतलीच, न विचारता नेलेली. रंग म्हणून तिनं पेनाची शाई टाकली होती.

"माह्या बाबाच्या गालातलं हाय. ट्रकवर ड्रायव्हर हायेत, खर्रा खातात. काल झोपेत तोंड उघडं होतं, म्हणून काढता आलं. पण बोट एकच मावते. दवाखान्यात चला म्हटलं तं चिडतात." ती दम घ्यायला थांबली. "तुम्ही पाहून सांगा ना सर, कॅन्सर नाही म्हणून."

"याच्यात नाही दिसत, बेटा."

"मंग तुमचं कसं दिसलं?"

"बाबा कुठं आहेत आत्ता?" मी विचारलं.

"घरी. बारा वाजता हैदराबादले निघून राह्यले."

घड्याळात बाराला दहा कमी होते. मी मोटरसायकलची किल्ली शोधायला लागलो.