ओवणारीचा मणी

आदिवासींवर प्रेम करणारी एक जमात नवीन पनवेलच्या सेक्टरांत राहते. ह्या प्रेमाला फ्लॅट लागतो, कॅमेरा लागतो आणि समोर गप्प उभा राहणारा आदिवासी लागतो. आभाताईंकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या. तिसरी म्हणून त्यांनी ललिताला धरलं, आणि तिथेच त्या फसल्या.

ललिता माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली. तळोज्याकडच्या एका कारखान्यात गॅसच्या बर्नरपुढे बसून ती इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या करायची. तिथे वाडीचं नाव काढायची नाही, 'पळस्प्याकडची' म्हणायची. नाव कळलं की हसत हसत "उंदीर खाता का गं तुम्ही?" विचारणारे शिकलेले लोक तिथेही होतेच.

त्र्याण्णव साली तिच्या लेकीचं लग्न ठरलं आणि लेक म्हणाली, "आये, तुज्या पोतीतला मणी?"

वाडीची रीत अशी, की लेकीची पोत आईच्या पोतीतल्या एका मण्याने सुरू करायची. तो नसेल तर ती पोत म्हणजे बाजारातला माल. आणि ललिताच्या गळ्यात होतं गुलाबी प्लास्टिक. तिची आई धोंडी हिची पोत खऱ्या काचेची, निळी-पांढरी, छातीपर्यंत रुळणारी. पण ललिताच्या लग्नाआधीच आभाताई कॉलेजच्या शिबिराला वाडीवर आल्या, "किती ऑथेंटिक!" म्हणाल्या आणि एक नायलॉनची साडी नि ती प्लास्टिकची माळ देऊन पोत घेऊन गेल्या. शिबिर श्रमदानाचं होतं म्हणे. दान कोणी केलं ते दिसतंच आहे.

ललिताने मग स्वतःच मणी करायला घेतले. जेवणाच्या सुट्टीत, बर्नरवर. आधी कुपीची काच आणि फुटक्या बांगडीची काच एकत्र वितळवली. कुपीची कडक, बांगडीची नरम. गार होताच सगळे मणी तडकले. तिने चार शिव्या हासडल्या आणि नुसत्या बांगड्या घेतल्या. तारेला माती फासून तिच्यावर काच गुंडाळली, चुलीतली गरम राख डब्यात भरून आणली, तिच्यात मणी पुरून हळूहळू निवू दिले. हिरवे, टपोरे मणी निघाले.

धोंडीने त्यातला एक दातांत धरला. "गार लागतंय. काच हाय. पन पोतीतला नाय."

ललिता आभाताईंच्या दारात गेली. एकच मणी मागितला.

"अगं, तो आता वारसा आहे," आभाताई म्हणाल्या. "तोडायचा नसतो."

"कुनाचा वारसा?"

"आपल्या सगळ्यांचा!"

वस्तू माझ्या कपाटात, वारसा सगळ्यांचा. सोय बघा.

ललिताने हिरवा मणी दाखवला. आभाताईंनी नाक मुरडलं. "गॅसवर केलास ना? मग हा आदिवासी कसा?"

"कुप्या पन मीच करते, बाई. त्या आदिवासी हायत का नाय, हे बघून डॉक्टर टोचतो का तुमाला?"

आभाताईंनी ते मनावर घेतलं नाही, कारण त्यांना काम होतं. पोतीचा दोरा कुजला होता आणि सेक्टरातल्या हॉलमध्ये त्यांचं प्रदर्शन होतं. लोकांसमोर ललिताने ती पुन्हा ओवावी, अशी त्यांची कल्पना. "आणि लुगडं नेसून ये हं, तुमच्या पद्धतीचं."

ललिता गेली ती टेरिकॉटच्या साडीत, हातात घड्याळ, कनवटीला हिरवा मणी.

"घड्याळ तरी काढ!" आभाताई कुजबुजल्या.

"का? ठाकरांना टाइम नसतो?"

हॉलमध्ये सिल्कचे झब्बे नि खादीच्या साड्या दाटल्या होत्या. घरच्या मोलकरणीचं आडनाव माहीत नसलेली ही माणसं मण्यांकडे बघून उसासे टाकत होती. आभाताईंनी माइक घेतला. "ह्यांच्यात ओवणारीचा हक्क असतो. जुनी पोत जी बाई पुन्हा ओवते, ती त्यातला एक मणी स्वतःला ठेवते आणि आपल्या हातचा एक घालते. पोत अशी जिवंत राहते. किती सुंदर, ना?"

टाळ्या पडल्या. ललिता ओवत होती. टाळ्या थांबल्या तशी तिने एक निळा मणी उचलला, दातांत धरून बघितला, पदराच्या टोकाला गाठीत बांधला आणि त्या जागी हिरवा ओवला.

"ललिता! काय करतेस?"

"हक्क. आता तुमीच बोललात."

"अगं, ती माहिती होती!"

पुढच्या खुर्चीवरचे एक पेन्शनर म्हणाले, "पण मॅडम, परंपराच आहे ना?" पुन्हा टाळ्या. आभाताईंनाही वाजवाव्या लागल्या. तेवढा वेळ त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

वाडीत धोंडीने गाठ सोडून निळा मणी बघितला. ललिता म्हणाली, "घे, लेकीची पोत सुरू कर."

"तिची कशी?" धोंडी खेकसली. "मी आय तुजी. हा तुज्या पोतीत. काढ ते पिलास्टिक."

ललिता लग्नाआधीच्या पोरीसारखी मान वाकवून बसली. निळा मणी आणि त्यामागे बर्नरवरचे हिरवे, अशी तिची पोत झाली. मग तिने त्यातला एक हिरवा सोडवला आणि लेकीच्या दोऱ्यात पहिला ओवला.

गॅसवरचा. आदिवासी कसा, ते आभाताईंनी येऊन विचारावं.